खर्जाच्या शोधात

मिरवणुकीत नाचणाऱ्या माणसाचे पाय नेमके कशावर पडतात, हे एकदा नीट पाहावे. शब्दांवर ते पडत नाहीत. शब्द बहुतेकांना अर्धेच येतात. चालीवरही नाही. हलगी आणि ताशा माणसाला जागचा उठवतात, पण पाय जमिनीवर आपटायला लावतो तो तळातून येणारा 'धम्म'. ढोलकीवाले त्याला धूम म्हणतात, गवई खर्ज म्हणतील, आणि आमची पोरे बेस म्हणतात.

निपाणीकडचा माझा एक माजी विद्यार्थी या बेसवरच पोट भरतो. मंडळांना, वरातींना लागणारी गाणी तो संगणकावर तयार करून देतो. शाळेत बाक वाजवतो म्हणून वर्गाबाहेर उभा राहणाऱ्यांपैकी हा एक. गेल्या वर्षी गणपतीच्या दोन महिने आधी घरी आला आणि म्हणाला, "सर, माझा बेस सगळ्यांसारखाच येतोय. एक येगळा पायजे."

"मी मराठीचा मास्तर. माझ्याकडे काय बेस मागतोस?"

"चौंडकंवाल्या कोण हाईत का तुमच्या ओळखीत?"

मी चमकलोच. पण आधी त्याने मला त्याचा धंदा समजावून दिला. नाचाच्या ठोक्यात म्हणे दोन आवाज असतात. आधी 'टक्' असा आघात, आणि त्याला चिकटून आलेली घूम. ही घूम एका जागी थांबत नाही. पापणी लवायच्या आत ती वरून खाली घसरते आणि विरते. किती वरून, किती झटकन आणि किती वेळ विरायचे, या तीन गोष्टींत सगळी कारागिरी. रोलँड या जपानी कंपनीने 1980 साली टीआर-808 नावाचे तालयंत्र काढले. त्याच्या पडघमात खऱ्या पडघमाचा अंशही नव्हता. विजेच्या एका मंडलाला टिचकी मारायची, ते घंटेसारखे घुमायचे आणि मंद होत जायचे. कंपनीने 1983 मध्ये ते बनवणे बंद केले, आणि मग अमेरिकेतल्या पोरांनी त्याच घुमेवर हिप-हॉप उभे केले. आपल्याकडे मुंबईत चित्रपटांच्या वाद्यवृंदात वाजवणाऱ्या चरणजित सिंग यांनी 1982 साली हे यंत्र घेऊन दहा रागांची एक नाचाची तबकडी काढली. तेव्हा तिला कोणी विचारले नाही. 2010 मध्ये ती परदेशात पुन्हा निघाली तेव्हा जाणकारांनी तोंडात बोट घातले.

मला मात्र हे ऐकताना पखवाज आठवत होता. भजनाला बसण्यापूर्वी पखवाजी डाव्या तोंडाला ओली कणीक थापतो. कातडे जड झाले की कंप मंदावतो आणि आवाज खाली उतरतो. डग्ग्यावर मनगट दाबून सरकवले की घूम वर चढते. शाईच्या वजनामुळे तबला-मृदंगाचे उपस्वर सुरात कसे येतात, हे सी. व्ही. रामन यांनी 1920 सालीच दाखवले होते. म्हणजे टिचकी, घसरण, विरणे हे सारे आमच्या कातड्यात आधीपासून होतेच. आणि त्यातही घसरणीचा राजा म्हणजे चौंडकं.

ज्यांनी पाहिले नसेल त्यांच्यासाठी सांगतो. लाकडाचे पोकळ नळकांडे, एका तोंडाला कातडे, कातड्याच्या मधून निघालेली तात. नळकांडे काखेत दाबायचे, तातेचे दुसरे टोक मुठीत ताणायचे आणि छेडायचे. ताण वाढवला की स्वर वर, सैल सोडला की खाली. ठोकाही तोच आणि सूरही तोच. सौंदत्तीच्या यल्लम्माची गाणी याच्यावर. कानडीत याला चौडकी म्हणतात. वाद्य एकच, गाणी दोन्ही भाषांत. सीमाप्रश्नाच्या कागदपत्रांत त्याची नोंद कुठे करायची, ते मोठ्यांनी ठरवावे.

हे वाद्य वाजवणाऱ्या बहुतेक जोगतिणी, जोगते. मुली देवीला सोडण्यावर कर्नाटकाने 1982 चा कायदा करून बंदी घातली. ते झाले ते उत्तमच झाले. त्या चालीने किती घरांतल्या पोरींचे आयुष्य मातीत गेले, हे या भागात राहणाऱ्याला सांगावे लागत नाही. पण चाल जाताना तिच्याबरोबर हातही जातो. सोडलेली मुलगी नको, आणि चौंडकं मात्र हवे, असे म्हणणाऱ्याने ते शिकायचे कोणाकडून? याचे उत्तर माझ्यापाशी नाही.

निपाणीजवळच्या एका खेड्यात एक वृद्ध आक्का होत्या. सत्तरीच्या. आम्ही गेलो. देवीचे नाव घेऊन त्यांनी तात ताणली आणि अंगणातल्या कोंबड्यासुद्धा थबकल्या. पोराने मोबाइलवर ध्वनिमुद्रण करून लगेच ऐकवले. आक्का कान लावून बसल्या.

"ह्यात माजं चौंडकं कुटं हाय? नुसतं टिकटिक वाजतंय."

बरोबर होते त्यांचे. बोटाएवढ्या स्पीकरातून खर्ज निघत नाही. उरतो फक्त आघात. मग त्याने मोठे हेडफोन त्यांच्या डोक्यावर चढवले. आक्का बराच वेळ बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "पोटात वाजतंय की रं." पैसे घेतले, पण एक अट घातली. "दारू पिऊन नाचत्यात तितं हे लावू नगंस."

पोराने मान डोलावली. मीही साक्षीला होतो.

बेळगावात विसर्जनाची मिरवणूक हुतात्मा चौकातून कपिलेश्वर तलावाकडे निघते आणि दुसऱ्या दिवसापर्यंत चालते. आमच्याकडे स्पीकरच्या भिंतीला डॉल्बी म्हणतात. ज्या रे डॉल्बी यांनी 1965 साली फितीवरची खरखर कमी करणारी कंपनी काढली, त्यांचे नाव आपण गोंगाटाला द्यावे, याला काय म्हणावे! 2000 सालच्या नियमांत वस्तीसाठी दिवसा 55 आणि रात्री 45 डेसिबलची मर्यादा आहे. पण मोजताना वापरतात ते माप माणसाच्या कानासारखे, खालच्या आवाजाला कमी लेखणारे. 50 हर्ट्झचा ठोका त्यात सुमारे 30 डेसिबलने हलका धरला जातो. खिडकीच्या काचा थरथरतात, म्हाताऱ्यांच्या छातीत धडधडते, आणि काट्याला त्याचे पुरते वजन कळत नाही.

त्या रात्री गल्लीच्या तोंडाशी उभा होतो. एका भिंतीतून ती घसरण आली. आधी छातीत, मग कानात. ओळखायला चूक होणे शक्य नव्हते. पुढे नाचणारे शुद्धीत होते असे मी शपथेवर सांगणार नाही.

दुसऱ्या दिवशी पोराला फोन केला. त्याने ते गाणे एका भजनी मंडळालाच दिले होते. तिथून कोणीतरी उचलले, आठ दिवसांत चार जणांकडे गेले. "सर, फाइल हाय ती. तिला दार न्हाई," म्हणाला. मग थोडे थांबून, "आक्कांना सांगू नका."

मी सांगितलेले नाही. येत्या मार्गशीर्षी पौर्णिमेला तो चांगला मायक्रोफोन घेऊन सौंदत्तीला जाणार आहे. आक्कांनाही नेतो म्हणतो. त्यांच्या नातीने चौंडकं हातात धरायला सुरुवात केली आहे. ती बारावीला आहे, आणि तिला देवीला सोडायचा विचार त्या घरात कोणाच्याही मनात नाही.