मधला ओटा

सेवानिवृत्तीनंतर माणसाने काय करावे याविषयी सूचनांचा तोटा नसतो. परंतु स्वयंपाकघरात लक्ष घालावे, अशी सूचना मला कोणीही केली नव्हती. तरीही गेल्या पावसाळ्यात मी ते घातले, आणि त्याचे श्रेय अथवा दोष आमच्या कन्येकडे जातो. भिलाईच्या नेहरूनगरात आम्ही घेतलेल्या घराचे स्वयंपाकघर नव्याने बांधायचे ठरल्याचे कळताच तिने पुण्याहून एक नकाशा धाडला. त्यात भिंतीलगतच्या ओट्याखेरीज खोलीच्या ऐन मध्यभागी आणखी एक चौकोन काढला होता आणि त्यावर 'आयलंड' असे लिहिले होते.

"म्हणजे बेटच ना?" सौ.ने विचारले. "स्वयंपाकघरात आणखी बेट कशाला? जन्मभर आपण बेटावरच राहिलो की!"

महाराष्ट्राबाहेर नोकरी केलेल्या वाचकांना या वाक्याचा अर्थ सांगण्याची गरज नाही.

माझ्या लहानपणी वर्ध्याच्या घरात ओटा नव्हताच. जमिनीवर चूल, तिच्या शेजारी वैल, समोर पाट आणि पाटावर आई. उजव्या हाताला विळी, डाव्या हाताला परात, पाठीमागे मांडणी. बसल्या जागेवरून हात जेथवर पोचे, तेथवर तिचे राज्य होते. पुढे ती माझ्याकडे राऊरकेल्याच्या क्वार्टरमध्ये राहावयास आली, तेव्हा तिने ओट्याकडे एकवार पाहिले आणि वातीचा स्टोव्ह उचलून खाली जमिनीवर ठेवला. "उभ्याने कसला स्वयंपाक? ही काय पोस्टाची खिडकी आहे?" असे ती म्हणाली. सौ. मात्र उभी राहिली. राऊरकेला, बोकारो आणि शेवटी भिलाई अशी छत्तीस वर्षे ती उभी राहिली. राऊरकेल्याच्या कारखान्याला जर्मनांनी हात दिला, बोकारो व भिलाई येथे रशियनांनी. ओट्याची उंची मात्र तिला सगळीकडे सारखीच वाटली, आणि आता गुडघ्यांनी तिच्याकडे त्याचा हिशेब मागितला आहे.

कोणत्याही कामाआधी त्याची फाईल तयार करण्याची माझी जुनी खोड. म्हणून मी वाचावयास बसलो, तो मला एक मोठी गमतीची बाई भेटली. मार्गारेट श्युटे-लिहोत्स्की ही व्हिएन्नाची स्थापत्यविशारद. १९२६ साली तिने फ्रँकफुर्टच्या कामगारवस्त्यांसाठी एक स्वयंपाकघर आखले. आज घरोघरी दिसणाऱ्या बांधीव स्वयंपाकघराचे ते मूळ मानले जाते. सुमारे १.९ मीटर रुंद आणि ३.४ मीटर लांब एवढ्या जागेत तिने सारा संसार बसवला, आणि नमुना घेतला तो रेल्वेच्या भोजनडब्याचा! पुढे १९३० साली एर्न्स्ट माय या नगररचनाकाराच्या चमूबरोबर ती रशियात गेली. मॅग्निटोगोर्स्कसारखी पोलादाची नवी गावे वसवण्याच्या कामावर. हे वाचताना मी खिडकीबाहेर पाहिले. १९५५ च्या फेब्रुवारीत रशियाशी करार झाला आणि १९५९ च्या फेब्रुवारीत राष्ट्रपती राजेंद्रप्रसादांच्या हस्ते येथील पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले. त्या भिलाईचा त्या बाईशी थेट संबंध जोडण्याचे धाडस मी करणार नाही. पण पोलादाच्या गावी बसून स्वयंपाकघराचा विचार करणारा मी पहिला नव्हे, एवढे समाधान मात्र झाले.

त्याहून मोठे समाधान पुढे होते. फ्रँकफुर्टचे स्वयंपाकघर आखण्यापूर्वी आपण कधी स्वयंपाक केलाच नव्हता, अशी कबुली या बाईने उतारवयात दिली होती. मीही आयुष्यात पोळी लाटलेली नाही. तेव्हा मी निर्धास्तपणे पेन्सिल हाती घेतली.

खोली बारा फूट लांब आणि दहा फूट रुंद. लांब भिंतीलगत दोन फूट खोलीचा ओटा. उरली आठ फूट रुंदी. कन्येचे बेट सहा फूट बाय तीन फूट. आता ओटा आणि बेट यांमध्ये एका माणसाला काम करण्यास बेचाळीस इंच आणि दोघांना अठ्ठेचाळीस इंच वाट असावी, असा अमेरिकेतील रचनाकारांचा संकेत आहे. बेचाळीस इंच पुढे सोडले, तर मागच्या बाजूला राहतात अवघे अठरा इंच. तेथून माणूस आडवा होऊनच जाईल. मी मग लंबवर्तुळ काढून पाहिले. ते कागदावर फार सुरेख दिसले. सौ.ने चष्मा लावून पाहिले आणि विचारले, "आणि परात कुठे ठेवायची? या निमुळत्या टोकावर?"

वाद मिटेना, तेव्हा तिनेच तोड काढली. माळ्यावरच्या दोन पत्र्याच्या ट्रंका तिने खाली काढावयास लावल्या. त्यांवर पांढऱ्या रंगाने माझे नाव आणि एकाखाली एक खोडलेली तीन गावे आहेत. त्या ट्रंका खोलीच्या मध्यभागी विटांवर शेजारी-शेजारी मांडल्या, वर जुन्या दाराची फळी टाकली आणि आठ दिवस त्या बेटावर संसार केला.

त्या आठ दिवसांत मी जे शिकलो, ते फाईलमध्ये नव्हते. दुसऱ्याच दिवशी फळीचा कोपरा सौ.च्या कमरेला लागला. कोपरे गोल हवेत हे ठरले. तिसऱ्या दिवशी कळले की, मधल्या ओट्यावर शेगडी वा नळ नको. तसे केल्यास गॅसची नळी आणि पाणी फरशीखालून न्यावे लागते, आणि मुख्य म्हणजे मोकळी जागा राहत नाही. मोकळ्या जागेसाठीच तर हा खटाटोप. उंचीचा प्रश्न सर्वांत नाजूक होता. उभ्याने चिरण्यासाठी ओटा कोपराच्या चार-सहा इंच खाली असावा. परंतु कणीक तिंबताना अंगाचा भार वरून द्यावा लागतो, त्यासाठी तो आणखी खाली हवा. सौ. जेमतेम पाच फुटांची. विटा काढत-काढत आम्ही एकोणतीस इंचांवर आलो. तेव्हा ती म्हणाली, "आता एक स्टूल आणा." स्टुलावर बसून तिने पोळी लाटली. फ्रँकफुर्टच्या त्या बाईनेही खिडकीपाशी एक फिरते स्टूल ठेवले होते, हे मला तेव्हा आठवले.

लांबीचा निकाल मोदकांनी लावला. चतुर्थीच्या आदल्या दिवशी ओळखीच्या तिघीजणी आमच्याकडे उकडीला येतात. एकीला दोन फूट कड पुरते. दोघी या बाजूला, दोघी त्या बाजूला. म्हणजे चार फूट लांबी आणि दोन फूट रुंदी. मग पुढे बेचाळीस इंच, मागे तीस इंच आणि दोन्ही टोकांना चार-चार फूट वाट राहते. स्टुले आत सरकावीत म्हणून खाली कप्पे नकोत. दोन टोकांना दोन उभे कडप्पे, त्यांवर एक आडवा. कन्येला हे कळवले, तेव्हा ती फोनवर म्हणाली, "बाबा, हे आयलंड कसले? हे तर टेबल झाले!"

मग मिस्त्री आला. स्वयंपाकघराला 'रंधनी' म्हणणारा हा छत्तीसगढी माणूस मितभाषी आहे. त्याने मापे घेतली आणि एकच प्रश्न विचारला, "पक्का बनाबो कि चक्का लगाबो, साहेब?"

मी ताबडतोब उत्तर दिले, "चाके." नागपूरला आमचा एक भूखंड आहे. नोकरीत असताना घेतला होता. निवृत्तीनंतर दोन वर्षांत तेथे घर बांधून परत जायचे, हे माझ्या मनात इतके पक्के होते की, ते मी कधी बोलूनही दाखवीत नसे. भिलाईचे घर तात्पुरते. तात्पुरत्या घरात दगड कशाला रोवायचा?

मिस्त्री गेल्यावर सौ. त्या ट्रंकांच्या फळीपाशी स्टुलावर बसली. बराच वेळ काही बोलली नाही. नंतर म्हणाली, "नागपूरला जायचे म्हणता, ते कोणाकडे?"

मी नावे शोधू लागलो. आई गेली. थोरले बंधू गेले. शाळेतले मित्र मुलांच्या मागे पुण्याला, बंगळूरला गेले. भूखंड तेवढा जागेवर होता.

"छत्तीस वर्षे," ती पुढे म्हणाली, "मी मोडता येईल असाच संसार केला. फडताळ घेतले नाही, की ट्रंकेत मावणार नाही. झाड लावले नाही, की ते नेता येणार नाही. तुम्हाला परत जायचे ते तुमच्या लहानपणी. मोदकांना येतात त्या माझ्या बायका इथे आहेत. मला चाके नकोत."

तिच्या आवाजात तक्रार नव्हती, म्हणूनच तो मला अधिक लागला. छत्तीस वर्षांत बदलीचा हुकूम मी घरी येऊन वाचून दाखवी, आणि ती उठून ट्रंका काढी. तिला काय हवे, हे विचारण्याचा स्तंभ त्या हुकमात नसे. मीही तो कधी जोडला नाही.

दुसऱ्या दिवशी मिस्त्रीला मी 'पक्का' म्हणून सांगितले. तो फक्त हसला. बहुधा त्याला ते आधीच ठाऊक होते. त्याने फरशी फोडून उभे कडप्पे रोवले, आडवा कडप्पा चढवला, कोपरे घासून गोल केले आणि चार दिवस वर काही ठेवू नका असे बजावले. सौ.ने पाचव्या दिवशी पहाटेच परात मांडली. मी चहासाठी आत गेलो तेव्हा ती बसून कणीक मळत होती. उजव्या हाताला पोळपाट होता, डाव्या हाताला तेलाची वाटी, आणि पाठ वळवली की शेगडी.

ट्रंका अंगणात पडल्या होत्या. त्या पुन्हा माळ्यावर टाकू का, असे मी विचारले.

"नको," ती म्हणाली, "एकीत गोधड्या ठेवू. दुसरी मिस्त्रीला हवी आहे. त्याच्या मुलीचे लग्न आहे."

नावावरून रंग फासून मी ती कोरी करून दिली. नागपूरच्या भूखंडाचे कागद अजून माझ्या कपाटात आहेत. त्यांचे काय करायचे, ते आता आम्ही दोघे मिळून ठरवू. बसायला जागा झाली आहे.