भिंत सोडून, कुंपणाकडे

किल्लारी,
रोहिणी नक्षत्र

चि. छकुलीस,


तुझी यादी मिळाली. हिरवळ, पाम, क्रोटॉन आणि घराच्या चारी भिंतींना लागून फुलझाडांचे वाफे. पुण्याच्या नर्सरीवाल्यानं छान लिहून दिलंय, पण त्यानं किल्लारीची माती पाहिलेली दिसत नाही. दादाचं घर तू पुन्हा नांदतं करतेयस याचा आनंद आहे, म्हणून पावसाच्या आत सविस्तर लिहिते. फोनवर तू ‘हो हो’ म्हणतेस आणि तुझंच करतेस.

पहिलं म्हणजे, भिंतीला लागून काही लावायचं नाही. आपली माती काळी. पाणी प्याली की फुगते आणि उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडतात. भिंतीच्या एका अंगाला रोज पाणी घातलंस की तिथली माती फुगलेली, पलीकडची कोरडी. पाया वरखाली होतो आणि भिंतीला तडा जातो. दुसऱ्या गावात लोक तड्यात सिमेंट भरून मोकळे होतात. किल्लारीत नवा तडा दिसला की घरातल्या म्हाताऱ्या माणसाला झोप लागत नाही. म्हणून वाफे जोत्यापासून पाच-सहा फूट लांब, कुंपणाच्या कडेनं धर.

तू जुनं गाव पाहिलं नाहीस. दगडमातीच्या जाडजूड भिंती, वर लाकडावर मातीचं माळवद, आणि समोरून बैलगाडी आली की कुणाच्या तरी दारात शिरावं लागेल अशा गल्ल्या. आमच्या चौकात वृंदावनातली तुळस आणि तिच्या शेजारी एक तगर, एवढीच काय ती बाग. ३० सप्टेंबर १९९३ ला पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी, गणपती बोळवून लोक नुकते निजले होते तेव्हा, त्याच भिंती आणि तीच माळवदं भूकंपात अंगावर आली. पुढे नवं गाव वसलं. ज्याच्या त्याच्या जमिनीच्या हिशेबानं २५०, ४०० आणि ७५० चौरस फुटांची घरं मिळाली, रस्ते ऐसपैस. घरांबद्दल लोकांनी पुष्कळ कुरकुर केली आणि ती खोटी नव्हती. वाड्यात वाढलेल्या माणसाला तिथे ना बळद, ना कडब्याला जागा. पण घराच्या चारी बाजूंनी मोकळी जमीन आम्हाला तेव्हा पहिल्यांदा मिळाली. ती जागा कशी आली हे आठवलं की तिच्यावर फरशी ठोकून मोटार उभी करणाऱ्यांचा मला राग येतो. असो.

आता पाणी. २०१६ च्या एप्रिलात लातूरला प्यायचं पाणी मिरजेहून रेल्वेनं आणावं लागलं. पहिल्या गाडीत पाच लाख लिटर होतं. अशा उन्हाळ्यात हिरवळीवर नळी सोडून बसायला लाज वाटायला पाहिजे. हिरवळीचं नाव काढून टाक. त्या वर्षी माझ्या अंगणात नुसत्या भांड्याच्या खरकट्या पाण्यावर तगली ती कण्हेर, बोगनवेल, देवचाफा आणि शंकासुर. तुझी बाग या चौघांवर उभी कर, बाकीचे पाहुणे.

कण्हेर बाराही महिने फुलते आणि शेळ्या तिला तोंड लावत नाहीत, कारण ती मुळापासून फुलापर्यंत विषारी आहे. तुझा पोरगा हाताला येईल ते तोंडात घालतो, तेव्हा ती मागच्या कोपऱ्यात लाव. बिट्टी, म्हणजे पिवळी कण्हेर, मात्र लावूच नकोस. तिची फळं पोरं खेळायला घेतात.

बोगनवेल फाटकापाशी. तिचे रंगीत कागद ही पानंच. त्यांच्या आत काडीएवढी पांढुरकी तीन फुलं असतात, ती खरी फुलं. एकदा जवळून बघ. बोगनव्हिल नावाच्या फ्रेंच दर्यावर्दीच्या सफरीत १७६७ साली रिओजवळ ती युरोपी वनस्पतीतज्ज्ञाच्या नजरेस पडली, म्हणून हे नाव. (मास्तरीण होते, सांगितल्याशिवाय राहवत नाही.) हिला लाडानं पाणी पाजलंस तर नुसता पाला माजतो. ताण दे, बहर ओसरला की छाटून टाक, मग बघ.

चाफ्याचं रोप विकत घेऊ नकोस. हातभर फांदी कापायची, चीक गळू द्यायचा, आठवडाभर सावलीत वाळवायची आणि मग रोवायची. ओली लावली की बुडाशी कुजते. हिवाळ्यात पानं झडून नुसते खुंट दिसले तर वाळला म्हणून उपटू नकोस, एका शेजारणीनं तेच केलं.

गुलमोहर तुला हवाच आहे, मला माहीत आहे. फुलतो सुंदर, पण मुळं वरवर पसरतात आणि लाकूड ठिसूळ. वळवाच्या वाऱ्यात फांदी पत्र्यावर आली की समजेल. त्याच्याऐवजी रस्त्याकडेला बहावा लाव. पाच-सहा वर्षं वाट पाहावी लागेल, पण वैशाखात त्याचे पिवळे घोस लोंबतात तेव्हा गुलमोहराची आठवण येत नाही. वन विभागाच्या रोपवाटिकेत रोप मिळेल.

पारिजातक खिडकीपासून दूर, पण सडा दिसेल असा. आणि एक जास्वंद गणपतीसाठी. तिची पानं पिवळी पडतील आणि शिरा तेवढ्या हिरव्या राहतील. तो रोग नव्हे. आपल्या चुनखडीच्या मातीत लोह असून झाडाला मिळत नाही. शेणखत भरपूर घाल आणि साबणाचं पाणी तिच्याकडे वळवू नकोस. फांदीवर पांढरा कापूस दिसला तर तो पिठ्या ढेकूण, जुन्या टूथब्रशनं घासून काढ. मोगरा न्हाणीच्या पाण्याच्या वाटेवर, थोडा बाजूला लावलास तर चालेल. पौषात पाणी तोडून छाटणी, मग खत आणि पाणी. उन्हाळ्यात ओंजळभर फुलं निघतील. सोनचाफ्याचा नाद सोड. पावसाळ्यात आपल्या मातीत पाणी तुंबतं आणि त्याची मुळं गुदमरतात.

खड्डे दोन-दोन फुटांचे. निघालेली काळी माती निम्मी बाजूला टाक, उरलेलीत मुरूम आणि कुजलेलं शेणखत मिसळ. रोप लागल्यावर बुडाशी सोयाबीनचं भुसकट पसर, म्हणजे उन्हाळ्यात जमीन तडकून मुळं तुटत नाहीत. शेळ्या आत येऊ नयेत म्हणून तुराट्यांचा कुड घाल.

येताना नर्सरीतलं काही आणू नकोस. चाफ्याच्या फांद्या मी कालच कापून सावलीला ठेवल्यात आणि शंकासुराचं बी डब्यात आहे. खड्डे मात्र मृगाच्या आत झाले पाहिजेत. एकदा ही माती भिजली की फावडं उचलत नाही. आजच फोन करून गडी सांग.

तुझी,
आत्या