पंक्चर काढणे

मराठीत पंक्चर 'काढतात'. हिंदीत ते 'बनवतात' नाही तर 'लावतात', इंग्रजीत 'दुरुस्त' करतात. काढतो तो मराठी माणूसच. तर्काने पाहिले तर हा प्रयोग विचित्र आहे. पंक्चर म्हणजे भोक, आणि भोक म्हणजे जिथे काही नाही अशी जागा. जे नाहीच ते काढायचे कसे? आमचा कयास असा की, चाकाला रबर लागण्याच्या कितीतरी आधीपासून या मुलुखातल्या माणसाच्या पायाला काटा लागत आला आहे. बाभळीचा, बोरीचा, सराट्याचा. तो 'काढण्या'ची सवय जिभेला इतकी जुनी की, पुढे सायकल आली, मोटारसायकल आली, तेव्हा तिच्याही पायातला काटा भाषेने त्याच क्रियापदाने काढला. हे विचित्र वाटणारे क्रियापद किती नेमके आहे, हे आम्हांस माणदेशात, रस्त्याच्या कडेला बसून कळले. ती हकिगत पुढे येईल.

हवेने भरलेल्या चाकाचा इतिहास हा पंक्चरचाही इतिहास आहे. रॉबर्ट विल्यम थॉमसन या स्कॉटिश तरुणाने १८४५ साली हवेच्या टायरचे पेटंट घेतले, तेव्हा तो अवघ्या तेवीस वर्षांचा होता. त्याआधी १८३९ मध्ये चार्ल्स गुडइयर याला गंधक आणि उष्णता यांच्या योगाने रबर टिकाऊ करण्याची युक्ती सापडली होती; ती नसती तर रबर उन्हात चिकट आणि थंडीत ठिसूळ होत राहिले असते. (गुडइयर १८६० साली कर्जबाजारी अवस्थेत वारला. त्याचे नाव लावणारी कंपनी १८९८ मध्ये निघाली. तिच्याशी त्याचा काही संबंध नव्हता.) थॉमसनचा शोध लोक विसरले. १८८८ मध्ये बेलफास्टमधील जॉन बॉइड डनलॉप या पशुवैद्याने, आपल्या मुलाची तिचाकी दगडी रस्त्यावर कमी आदळावी म्हणून, तोच शोध पुन्हा लावला. थॉमसनचे जुने पेटंट उजेडात आल्यावर डनलॉपचे पेटंट टिकले नाही, पण टायर टिकला.

मात्र डनलॉपचा टायर चाकाला डिंकासारख्या द्रव्याने चिकटवलेला असे. फ्रान्समधील क्लेरमाँ-फेराँ येथे मिशलँ बंधूंच्या कारखान्यात एक सायकलस्वार असा पंक्चर झालेला टायर घेऊन आला, तेव्हा तो उखडून, ठिगळ लावून पुन्हा बसवण्यात तीन तास गेले, आणि चिकटवण वाळायला रात्र द्यावी लागली, असे सांगतात. १८९१ साली त्या बंधूंनी सुटा होणारा टायर काढला. त्याच वर्षी झालेली पॅरिस-ब्रेस्त-पॅरिस ही शर्यत शार्ल तेरों याने जिंकली ती मिशलँच्या टायरांवर. थोडक्यात, हवेचा टायर हा अर्धाच शोध होता. वाटेत बसून पंक्चर काढता येणे हा त्याचा उरलेला अर्धा. जे मऊ आहे ते फुटणार, हे मान्य करूनच मऊपणा पत्करता येतो. बैलगाडीच्या लोखंडी धावेला पंक्चर कधी झाले नाही; पण तिच्यात बसून परगावी गेलेल्यांची कंबर काय म्हणे, हे आमच्या आजीकडून आम्ही ऐकले आहे.

आता बहुतेक मोटारसायकलींना ट्यूबलेस टायर असतात. काटा घुसला तरी हवा हळूहळू जाते, आणि चाक न खोलता बाहेरूनच भोकात रबराची चिकट वात खुपसली की पाच मिनिटांत काम होते. परंतु आम्हां उभयतांची बुलेट जुनी, तारेच्या स्पोकांची. प्रत्येक स्पोकसाठी रिमला छिद्र असते आणि तिथून हवा निसटते, म्हणून अशा चाकाला ट्यूब लागतेच. ट्यूब आली की दोन टायर लिव्हर, काचकागद, सोल्यूशनची नळी, ठिगळे, पक्कड आणि पंप यांची पिशवी आली. गेली अनेक वर्षे ही पिशवी आमच्यासोबत फिरते आहे. काही तीर्थक्षेत्रांचे दर्शन तर तिला आमच्याहून जवळून घडले असावे, कारण आम्ही देवळात असताना ती पायरीशी चपलांच्या राखणीला असे.

चार वर्षांपूर्वीच्या भाद्रपदात आम्ही साताऱ्याहून पंढरपूरला निघालो होतो. कोरेगाव, पुसेगाव, दहिवडी मागे पडले, गोंदवल्यास समाधीचे दर्शन झाले, आणि म्हसवड अजून दूर असताना मागचे चाक डुलू लागले. गाडी कडेला घेऊन डबल स्टँडवर चढवली. डाव्या हाताला माळ, उजव्या हाताला वेडी बाभूळ. पावसाळा असूनही तिकडे 'पावसाळा' म्हणावे असे फारसे काही नव्हते. सह्याद्रीने अडवलेल्या ढगांचे उष्टेच माणदेशाच्या वाट्याला येते.

पंक्चर काढण्याच्या कामात घाई चालत नाही. व्हॉल्व्हची पिन काढून उरलीसुरली हवा सोडावी. टायरची कड रिमपासून पायाने दाबून सुटी करावी, लिव्हरने एका बाजूने बाहेर घ्यावी आणि ट्यूब ओढून काढावी. सबंध चाक उतरवण्याचे कारण नसते. रस्त्यावरचे कारागीरही बहुधा उतरवत नाहीत. ट्यूबमध्ये थोडी हवा भरून ती गालाजवळून फिरवावी. दुकानात पाण्याचे घमेले असते, बुडबुडे येतात. माळावर गालाची त्वचाच भोक शोधते. सापडलेली जागा काचकागदाने खरवडावी, सोल्यूशनचा पातळ थर द्यावा आणि मग थांबावे. हे थांबणेच अवघड. थर ओला असताना ठिगळ लावले तर ते सरकते. बोटाला नुसता चिकटपणा जाणवू लागला की ते धरते. गुडइयरने उष्णतेने घडवलेल्या रबराच्या जोडणीसारखेच काहीसे इथे थंडपणी, रसायनाच्या बळावर घडत असते, आणि त्याला वेळ लागतो.

त्या थांबण्याच्या वेळात शेळ्यामेंढ्यांचा कळप रस्ता ओलांडून आला, आणि त्यामागून म्हातारे मेंढपाळ आले. डोक्याला तांबडा पटका, खांद्यावर घोंगडी. आपल्याकडे रस्त्याच्या कडेला माणसाला दहा मिनिटे एकटे राहता येत नाही, ही तक्रारही आहे आणि विमाही. रॉबर्ट पर्सिग याचे मोटारसायकलच्या देखभालीवरचे पुस्तक १९७४ साली आले आणि जगभर वाचले गेले. आपले यंत्र आपण समजून घेण्यात एक प्रकारची साधना आहे, हा त्याचा विचार आम्हांसही पटतो. परंतु त्या पुस्तकातला माणूस यंत्रासमोर बराच एकटा असतो. आमच्याकडे त्या साधनेला प्रेक्षक असतात, आणि प्रेक्षकांना मत असते.

"पावनं, काटा काढला का आतला?" म्हाताऱ्यांचा पहिला प्रश्न.

आम्ही तेच करू लागलो होतो. टायरच्या आतून बोटे फिरवताना काट्याचे टोक लागले होते; मात्र ते बाहेरून मोडून आत इतके रुतले होते की पक्कड त्याला धरेना. म्हाताऱ्यांनी कमरेच्या करदोट्याला अडकवलेला छोटा चिमटा सोडला. असा चिमटा आम्ही लहानपणानंतर पाहिला नव्हता. त्यांनी डोळे मिटले, बोटाने टोक चाचपले आणि पायातला काढावा तसा काटा अलगद काढून आमच्या तळहातावर ठेवला. ठिगळ भोक बुजवते; पण काटा टायरमध्ये राहिला तर दहा पावलांवर नवे भोक पाडतो. म्हणजे काढायचे असते ते हेच. आमची भाषा बरोबर होती.

मग त्यांनी वहाणेचा तळ उलटा करून दाखवला. तो टायरचाच होता, आणि त्यात मोडक्या काट्यांची टोके जागोजाग काळी दिसत होती. "हिला पंचर न्हाई," ते हसून म्हणाले. डनलॉपपूर्व युगाचा इतका सुटसुटीत पुरस्कार आम्ही ऐकला नव्हता.

ठिगळ बसले. मध्यातून कडेकडे दाबत घट्ट केले, ट्यूब चिमटू नये म्हणून तिच्यात किंचित हवा भरून ती आत सारली आणि टायरची कड रिमच्या मधल्या खोबणीत ढकलत बसवली. शेवटचा वीतभर भाग नेहमीप्रमाणे भांडला. हे सारे म्हातारे उकिडवे बसून पाहत होते. पंप मारताना त्यांनी विचारले, "ताई, पंचरचं दुकान हाय व्हय तुमचं?"

आमच्या लहानपणी मध्यमवर्गीय घरांत एक धमकी ठरलेली होती : अभ्यास केला नाहीस तर पंक्चर काढत बसशील. ती धमकी अजून गेलेली नाही. उलट अलीकडे सार्वजनिक वादांत 'पंक्चरवाला' हा शब्द काही समाजांना आणि एकूणच गरिबाला हिणवण्यासाठी शिवीसारखा वापरला जाताना आपण पाहतो. महाराष्ट्राच्या महामार्गांवर केरळातून येऊन, झाडाला जुना टायर टांगून, रात्रीबेरात्री उठून कितीतरी लोकांनी ही दुकाने चालवली. ज्यांना अवघा महामार्ग 'अण्णा' म्हणून हाका मारतो, त्यांचे खरे नाव प्रवाशांना क्वचितच ठाऊक असते. त्यामुळे म्हाताऱ्यांच्या त्या प्रश्नाने आम्हांस जो आनंद झाला, तो आमच्या बालपणाला चमत्कारिक वाटला असता.

दुकान नाही, नोकरी करतो, असे सांगितल्यावर ते काही वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "माझा नातू हेच करतुया. म्हसवडच्या अलीकडं, वडाखाली. कमाई बरी हाय. पर पोरगी कुणी देईना. पंचर काढतुया म्हनत्यात." आणि थोडे थांबून, "तुमी शिकल्याली मानसं. जाताना थांबा त्याच्यापाशी. सांगा त्याला, आमीबी काढतो म्हून."

आम्ही थांबलो. वडाखालचे दुकान नीटनेटके होते. हत्यारे खिळ्यांवर ओळीने टांगलेली, हवेच्या टाकीला गेरू लावलेला. पंचविशीच्या त्या तरुणाने मीटर लावला, आमच्या हातपंपाला न पेलणारी चार पाउंड हवा भरली, व्हॉल्व्हवर थुंकीचे बोट टेकवून बुडबुडा येतो का ते पाहिले आणि दहा रुपये घेतले. मग आम्ही निरोप सांगितला. तो हसला.

"आजोबा सगळ्यांना पाठवतात. गेल्या महिन्यात पुण्याचे एक डॉक्टर येऊन सांगून गेले."

आम्हीही हसलो. त्याने हवेची नळी गुंडाळून खिळ्याला अडकवली, आणि आवाजात कसलीही कडवटता न आणता म्हणाला, "तुमचं बरोबर आहे हो. पण तुम्ही केलं की हौस म्हणतात, मी केलं की पंचरवाला. मुलीच्या बापाला हौस नको असते."

या वाक्याला उत्तर नव्हते, आणि पंढरपूरपर्यंतच्या वाटेत ते सापडलेही नाही. हाताने काम करण्याच्या थोरवीवर लिहिणारे बहुतेक लोक, पर्सिगसकट, त्या कामावर पोट नसलेले असतात. आम्हीही त्यांतलेच. माळावर आम्ही जे थांबणे अनुभवले, ते आमच्यासाठी साधना होती. त्या तरुणासाठी तेवढ्या वेळात दुसरे गिऱ्हाईक उभे असते. काम तेच, सोल्यूशनची नळीही तीच. फरक इतकाच की, आम्हांला ते केव्हाही सोडून जाता येते. आणि ज्याला सोडून जाता येते त्याचे कौतुक करायचे, ज्याला येत नाही त्याला मुलगी द्यायची नाही, असा हा हिशेब आहे. तो काटा समाजाच्या टायरमध्ये आतून मोडलेला आहे. वरून कितीही ठिगळे लावली, श्रमप्रतिष्ठेची भाषणे केली, तरी दहा पावलांवर तो पुन्हा टोचतो.

तेव्हापासून आम्ही एक साधा नियम पाळतो. पिशवी सोबत असतेच. पण दुकान जवळ असेल तर गाडी तिथवर ढकलत नेतो, काम त्या माणसाला करू देतो, सांगितलेले पैसे घासाघीस न करता देतो आणि निघताना त्याचे नाव विचारतो. याने कोणाचे लग्न जुळत नाही, हे आम्ही जाणतो. तरी 'अण्णा' आणि 'पंक्चरवाला' या दोन शब्दांच्या जागी आमच्या वहीत आता काही नावे जमली आहेत, गावांसकट. पहिले नाव वडाखालच्या त्या तरुणाचे आहे. गेल्या वैशाखात त्या वाटेने पुन्हा जाणे झाले. दुकान उघडे होते, हत्यारे ओळीने टांगलेली होती, आणि तो एका ट्रॅक्टरच्या अवाढव्य ट्यूबवर वाकून, डोळे मिटून, गालाने भोक शोधत होता. आम्ही हॉर्न वाजवला नाही.