आम्ही पेशंटच्या बाजूने

मृग लागला की यवतमाळ जिल्ह्यातल्या दवाखान्यांत सर्पदंशाचे पेशंट येऊ लागतात. कपाशीत निंदायला गेलेली बाई, रात्री जमिनीवर झोपलेले पोर. आम्हा परिचारिकांपुढे येण्याआधी पुष्कळ जण मांत्रिकाकडे जाऊन आलेले असतात. पाय सुतळीने करकचून बांधलेला, दंशावर ब्लेडच्या चिरा, तोंडात कडुनिंबाचा पाला.

लोक अडाणी आहेत, असे म्हणून आम्ही मोकळ्या होत नाही. मांत्रिकाकडे माणसे वाचतात, हे खरे आहे. आपल्याकडचे बहुतेक साप बिनविषारी असतात आणि विषारी सापही दरवेळी विष सोडतोच असे नाही. अशा पेशंटला मंत्राविनाही काही झाले नसते. श्रेय मात्र मांत्रिकाला जाते. खरी गाठ पडते ती नाग, मण्यार, घोणस, फुरसे चावल्यावर. मण्यारीचा दंश तर नीट दिसत नाही, दुखतही नाही. पहाटे पोट दुखते, पापण्या मिटू लागतात. घरचे म्हणतात, बाहेरची बाधा झाली. तेवढ्यात श्वास अडतो.

एकदा शेतात साप चावलेल्या एका सुनेला आणले. सासरे म्हणाले, "सिस्टरबाई, सुई लावू नका. बाबानं सांगतलं, सुई लागली का मंत्र चालत नाई. आमी हिले घेऊन जातो."

आम्ही वाद घातला नाही. तिचे थोडे रक्त कोरड्या काचेच्या नळीत घेतले. म्हटले, "काका, वीस मिनिटं बसा. चांगलं रक्त तेवढ्यात गोठतं. तुम्हीच पाहा." वीस मिनिटांनी नळी तिरपी केली. रक्त पाण्यासारखे वाहिले. चिरेतून रक्त का थांबत नव्हते, हे काकांना तेव्हा कळले. मग आम्ही सुनेलाच विचारले. तोवर तिला कोणी विचारलेच नव्हते. ती म्हणाली, "माह्यं लेकरू लहान हाये. मले सुई लावा." काकांनी मान हलवली. सर्पविषावरची लस सलाईनमधून सुरू झाली.

दरवेळी असे होत नाही. काही जण पेशंटला उचलून नेतातच. २००० ते २०१९ या काळात देशात सुमारे १२ लाख माणसे सर्पदंशाने दगावली, असा संशोधकांचा अंदाज आहे. बहुतेक खेड्यातली. डॉ. नरेंद्र दाभोलकरांच्या खुनानंतर २०१३ मध्ये जादूटोणाविरोधी कायदा आला. साप, विंचू, कुत्रा चावलेल्याला औषधोपचारापासून रोखून मंत्रतंत्र करणे हा त्याने गुन्हा ठरवला. पण कायदा पोचेपर्यंत पेशंट थांबत नाही. घरच्यांनीच शहाणे व्हावे लागते.

म्हणून बंधू-भगिनींनो, दंश झाला तर आवळून बांधू नका, चिरा मारू नका, पेशंटला चालवू नका, साप शोधण्यात वेळ घालवू नका. हातपाय हलणार नाही असा फळीचा आधार द्या, १०८ ला फोन करा आणि सरळ सरकारी दवाखाना गाठा. आणि पेशंट शुद्धीवर असेल, तर एकदा त्यालाही विचारा.