गोड्या पाण्याचा हिशेब

बांगलादेशातील खुलना शहराच्या दक्षिणेस, सुंदरबनाच्या शेजारी, नद्यांचे पाणी दिवसातून दोनदा भरतीबरोबर चढते आणि ओहोटीबरोबर उतरते. येथील शिवारे समुद्रसपाटीपासून जेमतेम एक-दोन मीटर उंच आहेत. खारे पाणी शेतात शिरू नये म्हणून १९६० च्या दशकात मातीचे बांध घालून गावांचे समूह वेढण्यात आले. अशा वेढलेल्या प्रदेशास ‘पोल्डर’ म्हणतात. बांधांमुळे भातशेतीला आधार मिळाला.

१९८० च्या दशकात ‘बागदा’ कोळंबीला परदेशांतून मोठी मागणी आली. तेव्हा धनिकांनी बांधांतून नळ घालून तेच खारे पाणी आत घेतले आणि भातखाचरांची तळी झाली. देशाला परकीय चलन लाभले. कोळंबीस ‘पांढरे सोने’ असे नाव पडले. मात्र भाताच्या लावणी-कापणीला जितके हात लागतात, तितके कोळंबीच्या तळ्याला लागत नाहीत. भूमिहीनांची मजुरी बुडाली, गुरांचा चारा संपला, फळझाडे वाळली. पिण्याच्या पाण्याच्या तळ्यांत मीठ उतरले आणि हंडाभर गोड्या पाण्यासाठी स्त्रियांची पायपीट वाढली. नफा एकाच्या वहीत जमा झाला. खर्च मात्र शेजाऱ्याच्या नावे पडला.

पाइकगाछा उपजिल्ह्यातील पोल्डर क्रमांक २२ च्या रहिवाशांनी हा व्यवहार नाकारला. ७ नोव्हेंबर १९९० रोजी हरिणखोला येथे कोळंबीच्या तळ्यांना विरोध करणाऱ्या मोर्चाच्या अग्रभागी असलेल्या करुणामयी सरदार या भूमिहीन स्त्रीची हत्या झाली. तेथे तिचे स्मारक असून दरवर्षी लोक तिचे स्मरण करतात. या पोल्डरमध्ये कोळंबीला थारा मिळाला नाही. तेथे भात पिकतो, उन्हाळ्यात कलिंगडेही होतात.

निसर्गाचा धोका टळलेला नाही. मे २००९ मधील ‘आयला’ चक्रीवादळात दाकोप, कोयरा या भागांतील बांध फुटले आणि असंख्य कुटुंबांना कित्येक महिने उरलेल्या बांधांवर झोपड्या घालून राहावे लागले. नळांसाठी ठिकठिकाणी पोखरलेल्या बांधांनी हे संकट अधिक वाढवले. ऑगस्ट २०२४ मध्ये पोल्डर २२ चाही बांध कालीनगर येथे फुटला. वाढत्या समुद्रापुढे बांध भक्कम राखणे, ही सर्वांचीच गरज आहे. परंतु समुद्र बाहेरून येतो, तर कोळंबीसाठीचे खारे पाणी माणसाने स्वतः आत आणले होते.

श्रावकास वर्ज्य सांगितलेल्या पंधरा कर्मादानांत तळी-सरोवरे शोषून घेणाऱ्या व्यवसायाचाही समावेश आहे. जैन कुटुंब कोळंबीचा धंदा करणार नाही, हे खरे. तथापि कापडाची रंगाई, रसायने, साखर, कागद अशा अनेक उद्योगांत पाणी लागते आणि वापरानंतर ते कोठेतरी सोडावे लागते. वार्षिक ताळेबंदावर सही करताना हे पाणी कोणाच्या विहिरीपर्यंत पोहोचते, याचीही चौकशी व्हावी. शुद्धीकरणाचा खर्च टाळून दिसणारा नफा हा वास्तविक शेजाऱ्याचे देणे असतो, आणि देणे चुकते करणे हीच व्यापाऱ्याची पत होय.