विषारी प्याद्याचा न्याय

बुद्धिबळ शिकणाऱ्या मुलाला एक ताकीद लवकरच मिळते: वजिराने बी२ वरचे प्यादे खायला जाऊ नकोस. आपली मोहरी घरात, राजा मध्यभागी, अशा वेळी एका प्याद्यासाठी वजिराला शत्रूच्या गोटात एकटे धाडणे म्हणजे निव्वळ हाव. ताकीद रास्तच आहे. म्हणूनच सिसिलियन बचावातल्या नायडॉर्फ पद्धतीचा 'विषारी प्यादे' हा प्रकार मला वर्षानुवर्षे खिळवून ठेवत आला आहे. इथे काळ्या बाजूचा खेळाडू ही ताकीद तोंडपाठ असूनही ते प्यादे खातो.

त्यामागे हिशेब असतो. सहाव्या खेळीला पांढऱ्याचा उंट जी५ वर जातो आणि बी२ चा राखणदार उठून जातो. सातव्या खेळीला काळा वजीर बी६ वर येतो. पांढराही मग प्यादे वाचवत बसत नाही. आपला वजीर डी२ वर आणून ते सोडून देतो. बदल्यात त्याला वेळ मिळतो. प्यादे मोजता येते, वेळेची किंमत मात्र पुढच्या वीस खेळ्यांत कळते. ती आधीच ताडणे हेच विश्लेषकाचे काम.

१९७२ साली रेक्याविकच्या जगज्जेतेपदाच्या लढतीत बॉबी फिशरने स्पास्कीविरुद्ध सातव्या डावात हे प्यादे खाल्ले आणि डाव बरोबरीत सुटला. अकराव्या डावात त्याने पुन्हा खाल्ले. वजीर ए३ वर होता. चौदाव्या खेळीला स्पास्कीने सी३ वरचा घोडा उचलला आणि बी१ वर, म्हणजे ज्या घरातून तो निघाला होता त्याच घरात, परत नेऊन ठेवला.

ही खेळी मी पटावर मांडतो तेव्हा दर वेळी थबकतो. हल्ला चढवायचा म्हणजे मोहरी पुढे न्यायची, ही आपल्या नजरेची सवय. स्पास्कीच्या घोड्याने मागे जाऊन वजिरालाच धाक घातला. वजीर बी४ वर सरकला, पण भोवतीचे फासे आवळत गेले. अखेर फिशरला वजीर गमवावा लागला आणि एकतिसाव्या खेळीनंतर त्याने डाव सोडला. पंधराव्या डावात सुरुवातीची तीच मांडणी पुन्हा आली, तेव्हा त्याने वजिराला हात न लावता उंट ई७ वर ठेवला.

मग प्यादे खरोखरच विषारी ठरले का? निकाल पाहून तसे म्हणणे सोपे होते. पण विश्लेषकांनी अकरावा डाव उकलला आणि दोष पंधराव्या खेळीत फिशरने डी५ वर ढकललेल्या प्याद्याकडे गेला. प्यादे खाण्याचा निर्णय निर्दोष सुटला. पुढे कास्पारोव्हने काळ्या मोहऱ्यांनी हाच प्रकार खेळला, आणि आजच्या काळात वाशिए-लाग्रावने तो निष्ठेने जपला.

विश्लेषण म्हणजे माझ्या लेखी हाच न्याय. भीती एक निकाल देते, हाव दुसरा देते, हरलेला डाव तिसरा देतो, आणि मोठ्या खेळाडूचे नाव चौथा. या चौघांनाही बाजूला सारून समोरच्या मांडणीलाच विचारावे लागते: आता नेमके काय शक्य आहे? आज संगणक याचे उत्तर क्षणात देतो. या प्रकारातल्या कित्येक शाखांपुढे तो बरोबरीचे शून्य लिहितो. पण त्या शून्यापर्यंत पोचताना काळ्याला एकामागून एक अचूक खेळ्या सापडाव्या लागतात, आणि स्पर्धेत घड्याळ चालू असताना त्या त्याच्या त्यालाच शोधायच्या असतात.

म्हणून शिकणाऱ्या मुलांना मी सांगतो, आधी संगणक बंद ठेवा. पटावर मोहरी मांडा, पुढे जाणाऱ्या खेळ्या पाहा, आणि मग मागे जाणाऱ्याही तितक्याच मनापासून पाहा. उत्तर चुकले तरी चालेल. स्वतः शोधून पाहिलेली मांडणीच ऐन डावात साथ देते. नुसते पाठ केलेले उत्तर प्रतिस्पर्ध्याने वाट बदलताच निरुपयोगी होते.