तलवार खाली ठेवणारा माधवराव

टीव्हीवर कुणी म्यानातून तलवार उपसली, की तुम्ही किती पुढं सरकून बसता ते मला चांगलं ठाऊक आहे. हातातला घास हातातच राहतो. आमच्या वर्गात तर दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत पट्टीच्या तलवारी होतात आणि पाटीची ढाल!

हे वेड फक्त आपल्याकडचंच आहे असं समजू नका हं. चीनमध्ये चिन युंग नावाच्या लेखकाची एक कादंबरी भयंकर लोकप्रिय आहे. १९५७ साली ती हाँगकाँगच्या एका वर्तमानपत्रात रोज थोडी थोडी छापून येऊ लागली. तिचा नायक क्वो चिंग. हा मुलगा काही फार हुशार नाही बरं का! शिकवलेलं त्याच्या डोक्यात उशिरा शिरतं, पण एकदा शिरलं की तो ते सोडत नाही. (हे वाचून वर्गातले काही जण खूश होणार, मला माहीत आहे.) त्या कादंबरीवर टीव्ही मालिका तरी किती निघाव्यात! १९७६, १९८३, १९९४, २००३, २००८, २०१७... तिकडं आजोबांचा क्वो चिंग वेगळा, आईचा वेगळा आणि मुलांचा आणखी वेगळा.

आपल्याकडं असं कुणाचं झालं? माधवराव पेशव्यांचं. रणजित देसाईंची 'स्वामी' ही कादंबरी १९६२ सालची. तिला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला आणि पुढं १९८७च्या सुमारास दूरदर्शनवर तिची मालिका झाली. माझं माहेर दौंडचं. आई सांगते, तेव्हा रेल्वेच्या चाळीत एकाच घरी टीव्ही होता आणि 'स्वामी' लागली की दारात चपलांचा ढीग पडायचा. रवींद्र मंकणी म्हणजेच माधवराव आणि मृणाल देव म्हणजेच रमा, असं आईच्या मनात पक्कं बसलंय. २०१९ साली रमाबाईंवर 'स्वामिनी' ही मालिका आली. माझ्या विद्यार्थ्यांनी ती डोळे फाडून पाहिली, आणि आई मात्र म्हणाली, "हा कसला गं माधवराव?" मुलांना विचाराल तर आईचा माधवराव त्यांना म्हातारा वाटतो.

मला विचाराल, तर चेहऱ्यावरून भांडण्यात काही अर्थ नाही. मला वेगळंच वाटतं. मालिकेला तलवार आवडते. घोडे धावतात, ढोल वाजतात, धूळ उडते. ते दिसतं छान. पण माणसाच्या मनात काय चाललंय ते कॅमेऱ्याला दिसत नाही. कादंबरीला ते अर्ध्या पानात सांगता येतं.

आपल्याच भागातली गोष्ट घ्या ना. पानिपतानंतर, १७६१ साली, माधवराव पेशवे झाले तेव्हा सोळा वर्षांचे होते. म्हणजे तुमच्या दहावीतल्या दादाएवढे! काका रघुनाथरावांना कारभार आपल्या हाती हवा होता. नोव्हेंबर १७६२मध्ये काका-पुतण्याच्या फौजा समोरासमोर आल्या. कुठं? घोड नदीच्या काठी. शिरूरला जुनी माणसं अजून घोडनदीच म्हणतात, तीच ही नदी. काकांनी निजामाची मदत घेतली होती. चार-पाच दिवसांनी आलेगावला माधवरावांनी लढाई थांबवली आणि ते स्वतः काकांच्या छावणीत गेले. घरातलीच माणसं एकमेकांना मारत राहिली असती, तर फायदा निजामाचा झाला असता. (आलेगाव नावाची गावं शिरूर तालुक्यातही आहेत आणि दौंडमध्येही, तेव्हा दोन्हीकडची पोरं हक्क सांगायला मोकळी!)

रांजणगावच्या गणपतीला जाता, थेऊरला जाता, तेव्हा हेच माधवराव आठवा. रांजणगावचा गाभारा त्यांनी बांधून घेतला आणि थेऊरला १८ नोव्हेंबर १७७२ रोजी क्षयानं त्यांचं निधन झालं. वय अवघं सत्तावीस. दौंडहून पुण्याला जाताना लोणीच्या अलीकडं थेऊरचा फाटा लागतो.

आमच्या चौथीच्या वर्गानं हा आलेगावचा प्रसंग करायचं ठरवलं. राघोबा व्हायला पाच जण तयार. माधवराव व्हायला मात्र कुणीच नाही! "बाई, तो हरतो ना!" शेवटी मागच्या बाकावरची एक मुलगी उठली. ती कधी फारशी बोलत नाही. संवाद काय घ्यायचे ते मी सांगणार होते, पण तिनं काही विचारलंच नाही. ती हळूहळू चालत आली, कमरेची पट्टी काढली आणि राघोबाच्या पायाशी ठेवून ताठ उभी राहिली. राघोबा झालेल्या मुलाला खरं तर खूप हसायचं होतं. तसं ठरलंच होतं. पण तो तिच्याकडं नुसता बघत राहिला, मग खाली त्या पट्टीकडं. वर्गात एवढी शांतता मी परीक्षेतसुद्धा पाहिली नव्हती.

मग मी पुढचं सांगितलं. वर्ष व्हायच्या आतच, १० ऑगस्ट १७६३ रोजी, गोदावरीकाठी राक्षसभुवनला याच माधवरावांनी निजामाचा पराभव केला. आता ती लढाई करायची, म्हटल्याबरोबर माधवराव व्हायला सात हात वर! त्या मुलीनं हात वर केला नाही. तिनं फक्त आपली पट्टी उचलून दप्तरात ठेवली आणि विचारलं, "बाई, काका तेव्हा कुणाच्या बाजूनं होते?"

"माधवरावांच्या," मी म्हटलं.